उतरत गेलेली मापे

मित्रांनो, माझ्यावरचे आकडे आता कोणाला नीट वाचता येणार नाहीत. सुरुवातीचे दहा-बारा तर बोटांनी घासून घासून पुसूनच गेले आहेत. मी एक जुनी मापाची टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, तसली. साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. नाशिकच्या मेनरोडवरच्या एका दुकानात, एका खोक्यात आम्ही बाराजणी गुंडाळून पडलो होतो, तिथपासूनचे मला आठवते.

१९९१ साली चांगुणाबाईंनी मला त्या खोक्यातून उचलले. दोन्ही हातांनी ओढून पाहिले. मग दुकानातल्या लोखंडी पट्टीवर ठेवून माझा एकेक इंच ताडून पाहिला.

"ताणल्यावर लांबती का ही? मागची लय खोटं बोलायची," त्यांनी दुकानदाराला विचारले.

मी लांबले नाही. त्यांनी मला गळ्यात घातले आणि तशाच त्या सिडकोच्या बसमध्ये बसल्या.

सिडकोत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. दारावर पाटी होती, 'आशा लेडीज टेलर'. आशा ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा सोमाभाऊ सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. मूळचे दोघेही देवळ्याकडचे. खिडकीपाशी पायाने चालवायचे शिलाई मशीन, शेजारी कापडांचा ढीग, आणि त्या ढिगामागे दिवसातले दहा तास चांगुणाबाई. त्यांच्या हातचा ब्लाउज अंगावर असा बसे की कळवण-चांदवडहून बायका लग्नाचे कापड घेऊन येत.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. बाई लठ्ठ असो की बारीक, चांगुणाबाई तिचे माप कधी मोठ्याने बोलत नसत. इतर ठिकाणी 'छाती अठ्ठेचाळीस, लिहा गं' असा पुकारा होतो. चांगुणाबाई मला अंगाभोवती हलकेच फिरवत, आकडा मनात धरत आणि पाठमोऱ्या होऊन वहीत लिहीत. आलेली बाई मान खाली न घालता घरी जाई.

त्यांचे स्वतःचे माप मात्र वाढत चालले होते. १९९४ साली त्यांची गर्भपिशवी काढली आणि त्यानंतर शरीर सुटत गेले. दिवसभर बसून काम. सकाळी चहा-चपाती, दुपारी जे असेल ते, आणि रात्री मुलगी-नवऱ्याचे झाल्यावर उरलेले सगळे, कारण अन्न टाकायचे नाही. उजवा गुडघा आधी कुरकुर करू लागला. मग सुजला. मग त्यांनी मशीन एकट्या डाव्या पायाने चालवायला सुरुवात केली, आणि वर्षभरात डावाही गेला.

एकदा त्या स्वतःसाठी परकर बेतत होत्या. मला कमरेखाली गुंडाळले, आणि माझी दोन टोके एकमेकांना भेटेनात. दोन बोटे अंतर राहिले. त्या मोठ्याने हसल्या. "घे, तुझं काम संपलं," म्हणाल्या. सुतळीने माप घेतले, परकर शिवला. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी दाराला आतून कडी लावली आणि आलेल्या दोन बायकांना दार उघडले नाही.

लोकांना गुडघेदुखी म्हणजे जिना चढताना होणारी कळ वाटते. मी सांगते ती काय असते. त्या घरात भारतीय पद्धतीचा संडास होता. सोमाभाऊंनी भिंतीत लोखंडी गज बसवून दिला होता. तो धरून बसायला आणि उठायला चांगुणाबाईंना जे कष्ट पडायचे ते बाहेर मला ऐकू यायचे. म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नसत. उन्हाळ्यातसुद्धा. संध्याकाळी सोमाभाऊ कारखान्यातून आले की मगच तांब्या तोंडाला लावत, कारण तेव्हा उठवायला कोणीतरी असे.

आशाचे लग्न २००० साली चांदवडला झाले. २००१ च्या श्रावणात तिचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत, फाल्गुनात बाळ येईल. पहिले बाळंतपण माहेरी. चांगुणाबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे पाहत बसल्या.

"आवो, पहिलटकरणीला न्हाऊ घालायचं, बाळाला पायावर घ्यायचं, मी कसं करू?" त्यांनी सोमाभाऊंना विचारले. "मला आधी गुडघ्याची वाटी बदलून घ्यायची हाय."

त्याच आठवड्यात ते दोघे हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी गळ्यातच होते, काढायची राहून गेले होते. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी ती कुठेच नव्हती. मग त्यांनी चांगुणाबाईंना काट्यावर उभे केले. एकशे अठरा किलो.

"ऑपरेशनची गरज आहे, यात शंका नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आज केलं तर जखम भरायला त्रास होईल, जंतू शिरायची भीती जास्त, भूल द्यायलाही धोका. वजन पंचाण्णवच्या आत आणा, मग करू."

"किती दिवसांत?"

"दिवसांत नाही, मावशी. वर्ष धरून चाला. उपाशी राहायचं नाही. गोड आणि तेल कमी करा, भाकरी अर्धी करा, पण डाळ, मटकी, दही, अंडी रोज पाहिजेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे धरून ठेवायचा. मांडी मजबूत लागते. आणि दर महिन्याला मला दाखवायचं."

बाहेर पेशंट रांगेत होते. डॉक्टरांनी एका कागदावर हे सगळे लिहून दिले. मित्रांनो, कागदावर दहा ओळी होत्या. चांगुणाबाईंनी त्यातला एक आकडा तेवढा घेतला, पंचाण्णव. आणि वर्ष त्यांच्याकडे नव्हते. फाल्गुनाला सात महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून उपवास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादशा, चतुर्थी. सोमाभाऊ अंडी आणत, मटकी भिजवून ठेवत, पण देवाच्या वाराला ते काय बोलणार? आणि उपवासाला साबुदाणासुद्धा नाही. लिंबूपाणी, काकडी, एक पेला ताक. बाकीच्या दिवशीही तेच. सोमाभाऊ सकाळी साडेसहाला पाळीवर जात. त्यांच्या मागे चांगुणाबाई भाकरी कुस्करून दारात येणाऱ्या गाईला घालत. संध्याकाळी ते ताट वाढू लागले की म्हणत, "माझं मघाशीच झालं. तुम्ही बसा."

त्या दर रविवारी माझ्याकडून माप घेत. पहिल्या महिन्याने माझी टोके पुन्हा एकमेकांना भेटली आणि चार इंच उरले. त्यांनी माझे चुंबन घेतले. खोटे सांगत नाही. मलाही तेव्हा आनंदच झाला. दिवाळीपर्यंत कंबर सात इंचांनी उतरली होती. शेजारच्या बायका उंबऱ्यात थांबून म्हणत, "काय गं बाई, किती छान बारीक झालीस!" दहा वर्षांत त्यांना कोणी छान म्हटले नव्हते. मग रात्रीचे ताकही त्यांनी बंद केले.

एका रविवारी त्यांनी मला मांडीभोवती गुंडाळले. मांडी साडेपाच इंचांनी उतरली होती. "बघा, इथलं पण गेलं," त्या हसून सोमाभाऊंना म्हणाल्या. मित्रांनो, मी फक्त लांबी सांगते. जे गेले ती चरबी होती की त्यांना उभे धरणारे मांस, हे मला सांगता येत नाही. व्यायामाचा कागद मशीनच्या खणात होता. उपाशी पोटी पाय उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून तो तिथेच राहिला. आणि दर महिन्याला दाखवायला त्या गेल्या नाहीत. डॉक्टर 'हळू करा' म्हणतील अशी त्यांना भीती होती.

मशीनवर केसांचे पुंजके दिसू लागले. एकदा कापताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कळवणच्या नवरीच्या शालूचे ब्लाउजपीस मधोमध उभे कापले गेले. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून कापड वाया गेले नव्हते.

"चांगुणा, तू जेवती ना?" सोमाभाऊंनी त्या दिवशी विचारले.

"जेवती. वजन उतरतंय म्हटल्यावर थोडं व्हायचंच."

सोमाभाऊंनी ते मानून घेतले. पुढे कितीतरी वर्षे ते स्वतःला याचसाठी दोष देत राहिले.

जानेवारीत त्या डॉक्टरांच्या काट्यावर उभ्या राहिल्या. चौऱ्याण्णव. चांगुणाबाईंनी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखे सगळ्यांकडे पाहिले. डॉक्टरांनी मात्र काट्याकडे पाहिले नाही. त्यांनी पायावर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मग रक्त तपासायला दिले. संध्याकाळी कागद आला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"रक्त साडेसात आहे. अंगात प्रथिनं नाहीत. ही पायावरची सूज त्याचीच," ते म्हणाले. "मावशी, वजन नाही उतरलं. तुम्ही उतरलात. या अंगावर मी चीर दिली तर ती भरणार नाही."

"पण तुम्ही म्हणाला व्हता पंचाण्णव!"

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "म्हणालो होतो. आकडा सांगितला आणि बाकीचं कागदावर सोडलं, ही माझी चूक झाली. तीन महिने नीट जेवा. मी स्वतः लक्ष देतो. मग नक्की करू."

"तीन महिन्यांनी काय करू? माझी लेक तेव्हा बाळंत होऊन बसंल."

त्यांनी तिथे रडून घेतले नाही. रिक्षात रडल्या. मी त्यांच्या पदराखाली होते, पूर्ण भिजले. सोमाभाऊ म्हणत होते, तीन महिने थांबू, आशाच्या बाळंतपणाला माझ्या बहिणीला बोलावू. चांगुणाबाईंनी ऐकले नाही. "आता मला कोणी थांब म्हणायचं नाय. मी उपाशी राहिले. आता थांबायची पाळी माझी नाय," त्या म्हणाल्या.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटे हॉस्पिटल होते. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, वजन पाहिले. "शंभरच्या आत आहे ना? मग काय हरकत आहे? रक्ताच्या दोन बाटल्या चढवू," ते म्हणाले. आधीच्या डॉक्टरांचा कागद चांगुणाबाईंनी दाखवलाच नाही आणि या डॉक्टरांनी मागितलाही नाही. मकरसंक्रांतीनंतरच्या सोमवारी उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मी सोमाभाऊंच्या शर्टाच्या खिशात बाहेर थांबले होते.

पहिले आठ दिवस चांगले गेले. टाके काढले त्या दिवशी खालच्या टोकाला जखम उसवली. आधी पाणी, मग पिवळे. रोज ड्रेसिंग. रोज सकाळी नर्स येण्याआधी चांगुणाबाई पदराचा बोळा दातांत धरून ठेवत. औषधे बदलली, ताप येत-जात राहिला. एक महिना झाला, दीड झाला. आता त्यांना खा, खा म्हणून सगळे सांगत होते आणि त्यांना अन्नाचा वास सहन होत नव्हता.

फाल्गुनात आशाला मुलगी झाली. सासरीच, चांदवडला. निरोप आला तेव्हा चांगुणाबाई हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या. त्यांनी उशीखालून मला काढून सोमाभाऊंच्या हातात दिले.

"मापं घेऊन या. मी झबली अंदाजानं शिवली व्हती."

अशी मी चांदवडला गेले. सोमाभाऊंचे हात कारखान्यात लोखंड कातून राठ झाले होते. त्या हातांनी त्यांनी मला बाळाच्या छातीभोवती हलकेच धरले. तेरा इंच. माझ्या आयुष्यात मी घेतलेले सर्वांत लहान माप. "आई कशी आहे?" आशाने विचारले. "चांगली हाय," सोमाभाऊ म्हणाले आणि माप विसरायला नको म्हणून तळहातावर लिहू लागले.

त्यांनी परत येऊन तो तळहात चांगुणाबाईंपुढे धरला. त्यांनी तो वाचला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

एप्रिलमध्ये बसवलेला सांधा काढावा लागला. जंतू हाडापर्यंत गेले होते. पुन्हा नवा बसवण्यासारखी स्थिती नव्हती. पुढे ते हाड हाडाला जोडून पाय सरळ ठेवला. आता दुखणार नाही, पण वाकणारही नाही, असे सांगितले. हे काम आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी केले. सोमाभाऊ त्यांच्याकडेच परत गेले होते. "मी म्हणालो होतो" असे एक अक्षरही डॉक्टर बोलले नाहीत. फक्त पट्टी बांधण्याआधी सोमाभाऊंकडून मला मागून घेतले आणि मांडी मोजली. मोजून पुन्हा मोजली. "इथेच कळलं असतं," एवढेच ते स्वतःशी म्हणाले.

मशीन बंद झाले. सरळ पायाने पाय मारता येत नाही. चांगुणाबाई खाटेवर टेकून दुसऱ्या शिंप्यांचे काज आणि हुक करून देऊ लागल्या. संडासासाठी सोमाभाऊंनी खुर्चीला भोक पाडून दिले. आशा बाळाला घेऊन आली की बाळ त्यांच्या शेजारी ठेवत. ते रांगू लागले आणि खाटेवरून उतरून दूर जाऊ लागले, तेव्हा चांगुणाबाई हाक मारत, पण मागे जाऊ शकत नसत. आणि अजूनही एखादी बाई दारातून म्हणे, "बारीक झाल्यावर चेहरा किती चांगला दिसतो गं तुझा."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी पलीकडच्या गल्लीतल्या भागीबाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. वजन एकशे बारा, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. दार धरून आत आल्या आणि धाप लागून खुर्चीत बसल्या.

"चांगुणाताई, मलापण डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलंय. तुम्ही एवढं कसं उतरवलं? काय खात व्हता?"

चांगुणाबाईंच्या हातातली सुई थांबली. मला वाटले, त्या विषय टाळतील. त्यांनी अंगावरची चादर बाजूला केली आणि तो पाय दाखवला. वरपासून खालपर्यंतचा व्रण, आणि त्याच्या वर मनगटासारखी हडकुळी झालेली मांडी.

"काय नाय खात व्हते," त्या म्हणाल्या. "म्हणून हे असं झालं."

भागीबाई रडायला लागल्या. "मग मी करूच नको का काही?"

"करायचं. पण मी केलं तसं नाय. इकडं ये." चांगुणाबाईंनी मला उशीखालून काढले. आधी भागीबाईंच्या पोटाचे माप घेतले, मग मांडीचे, आणि दोन्ही आकडे पाठमोरे होऊन लिहिता येईनात म्हणून हाताने झाकून लिहिले. "पोट उतरू दे. मांडी जास्त उतरायला लागली की समज, तू चुकती. आणि डॉक्टरला दर महिन्याला तोंड दाखव. त्यांनी ओरडलं तरी जायचं. ही टेप घेऊन जा. महिन्याला इथं यायचं, मी मोजणार."

तेव्हापासून मी भागीबाईंच्या घरी राहू लागले. भागीबाई मटकी खात, डाळ पीत, खुर्चीत बसून पाय सरळ करत आणि दहा मोजताना शिव्या देत. महिन्याला दीड किलो उतरले की मोठी गोष्ट. दोनदा वजन उलटे चढले. लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाल्ली म्हणून एकदा तर त्या आल्याच नाहीत, तेव्हा चांगुणाबाईंनी सोमाभाऊंना त्यांच्या घरी पाठवले. दीड वर्ष असेच गेले. भागीबाई सत्त्याण्णववर येऊन थांबल्या. दोन किलो काही केल्या हलेनात. मोठ्या डॉक्टरांनी रक्त पाहिले, मांडी दाबून पाहिली. "आकडा राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही तयार आहात."

२००४ च्या उन्हाळ्यात भागीबाईंचे ऑपरेशन झाले. जखम बाराव्या दिवशी कोरडी होती.

त्याच दिवसांत चांगुणाबाईंच्या पायातला जुना जंतू पुन्हा उठला. या वेळी तो रक्तात गेला. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. वय सत्तावन्न. भागीबाई नुकत्याच घरी आल्या होत्या, त्यांना कोणी लगेच सांगितले नाही.

कळले तेव्हा दहाव्याचा दिवस होता. सकाळी गोदावरीवर विधी उरकून सोमाभाऊ आणि आशा घरी आले होते. भागीबाई वॉकर धरून पलीकडच्या गल्लीतून निघाल्या. मला त्यांनी गळ्यात घातले होते. दोनशे पावलांना अर्धा तास लागला. मध्ये त्या कुठे बसल्या नाहीत.

सोमाभाऊंनी दार उघडले. त्यांनी भागीबाईंच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, पायाकडे पाहिले.

"वाकतो का?" त्यांनी विचारले.

भागीबाई खुर्चीत बसल्या. साडी थोडी वर घेऊन त्यांनी पाय सरळ केला, मग वाकवला, पुन्हा सरळ केला. त्यांचे डोळे वाहत होते. आशा भिंतीला टेकून उभी होती, कडेवर तिची मुलगी.

"परत एकदा दाखवा," सोमाभाऊ म्हणाले.

भागीबाईंनी पुन्हा दाखवले.

मित्रांनो, मी आता भागीबाईंच्या घरी खिळ्याला लटकते आणि फारशी कोणाच्या उपयोगी नाही. पण माझे एवढे ऐका. लठ्ठ माणसाला हसू नका, हे तर तुम्हाला शाळेतही सांगतात. मी दुसरे सांगते. तुमच्या घरातले, शेजारचे एखादे माणूस भराभर बारीक होऊ लागले, तर लगेच 'छान दिसतेस' म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. आज काय जेवलीस, असे विचारा. आणि ती खरे सांगेपर्यंत उठू नका.